सतराव्या मुद्द्यावर दोन्ही देश सहमत

गुरुवारी सकाळी आठ वाजून वीस मिनिटांनी सबनीसकाका वारले. ते घरी होते. चहा घेत होते. मी दहाला ऑफिसात पोचले तेव्हा मला कळलं. फेरी बोटीच्या करारावर दोन्ही देशांच्या सह्या व्हायच्या होत्या, आणि बँकेने कर्जासाठी पुढच्या शुक्रवारपर्यंतच मुदत दिली होती.

आमचं ऑफिस मॅनहॅटनमध्ये एका इमारतीच्या नवव्या मजल्यावर आहे. लहान बेटांच्या देशांना लहान कामांसाठी कर्ज मिळवून देणं, हा आमचा उद्योग. एखादा धक्का, पाण्याची टाकी, एखादी बोट. मोठ्या कंपन्या या कामांकडे फिरकत नाहीत, कारण कागद मोठ्या कामाइतकेच लागतात आणि पैसे थोडे असतात. ते कागद वाचणं हे माझं काम. चूक दिसली की मी पेन्सिलीने खूण करते. दिवसभर कुणाशी फार बोलावं लागत नाही, म्हणून ही नोकरी मला मानवली.

सबनीसकाका आमच्याकडचे सगळ्यात जुने. बोटींचं कर्ज म्हटलं की त्यांच्याकडे जायचं, असा रिवाज होता. ते मूळचे अकोल्याचे. समुद्र त्यांनी पहिल्यांदा विमानातून पाहिला आणि "बराच आहे" एवढंच म्हणाले, असं त्यांच्या पत्नी वृंदाकाकू सांगतात. बोटीत बसलं की पाच मिनिटांत त्यांना मळमळायला लागायचं. आम्ही दोघंही जर्सी सिटीत राहणारे. तिथून नदीवरून बोटीने मॅनहॅटनला झटकन पोचता येतं, पण काका कायम नदीखालच्या ट्रेनने येत. एकदा मी त्यांना विचारलं, तर म्हणाले, "बोटीला कर्ज मिळवून द्यायला बोटीत कशाला बसायला हवं? डॉक्टर काय आधी स्वतः आजारी पडून बघतो?"

ऑफिसात त्यांना सगळे मुकुंद म्हणत. मी सांगलीची. बापाच्या वयाच्या माणसाला मुकुंद म्हणणं माझ्याच्याने होईना. "सर" म्हटलं तर ते म्हणाले, "इथे सर फक्त गाडी अडवणाऱ्या पोलिसाला म्हणतात." मग मी हाकच मारायची बंद झाले. मीटिंगमध्ये काही सांगायचं असलं की घसा खाकरायची आणि ते वळून बघायचे. महिन्याभराने ते म्हणाले, "तुझ्या खाकरण्याला मी ओ देतो, हे लोकांच्या लक्षात आलंय. सरळ काका म्हण. त्यांना वाटेल आडनाव आहे." तसंच झालं. आमच्या प्रमुख लिंडाबाईंनी पुढच्याच आठवड्यात एका पत्रात त्यांचा उल्लेख "मिस्टर काका" असा केला.

कोऱ्या कागदावर ते आधी वर मधोमध "श्री" काढत. पिवळ्या पॅडवर, फळ्यावर, जेवणाची ऑर्डर लिहायच्या चिठ्ठीवरसुद्धा. आमचा वकील केविन याला बरेच दिवस वाटत होतं, की कागद तपासून झाल्याची ती खूण आहे. तोही आपल्या कागदांवर तशी खूण काढायला लागला. केविनचा श्री पाण्यात बसलेल्या बदकासारखा दिसायचा. काकांनी त्याला कधी दुरुस्त केलं नाही. म्हणाले, "भाव पोचतो."

केविन आमच्याकडे आला तो काकांच्या मुलीच्या लग्नामुळे. सई इथेच जन्मली, इथेच वाढली. तिने ओहायोतल्या मुलाशी लग्न ठरवलं. काका त्या मुलाच्या आईवडिलांना फोनवर म्हणाले, "एकदा बसून याद्या करून घेऊ. कोणी काय करायचं ते लिहू, दोन्हीकडच्या वडीलधाऱ्यांच्या सह्या घेऊ." आपल्याकडे लग्नाआधी याद्या होतात, त्यात कोणाला गैर वाटत नाही. ओहायोची मंडळी मात्र रात्रभर झोपली नाहीत. मुलीच्या वडिलांना सह्या हव्यात म्हणजे प्रकरण गंभीर आहे, असं ठरवून ती वकील बरोबर घेऊन आली. तो वकील म्हणजे मुलाचा धाकटा काका, केविन.

केविनने दिवाणखान्यात बसून चौतीस मुद्दे वाचले. हार कोणी आणायचे, भटजींना घ्यायला कोणी जायचं, मुलाचा कान कोणी पिळायचा. हा शेवटचा मुद्दा त्याने दोनदा वाचला आणि विचारलं, "किती जोरात?"

"तुमच्या अशिलाला सहन होईल इतपत," काका म्हणाले.

केविनने समासात तसं लिहून घेतलं. सई म्हणाली, "बाबा, सीरियसली?" काकांनी तिच्याकडे लक्ष दिलं नाही. चौतीस मुद्दे न हसता वाचणारा माणूस त्यांना आयुष्यात पहिल्यांदा भेटला होता. तीन महिन्यांनी केविन आमच्या ऑफिसात रुजू झाला.

काका ऑफिसातही तेच करत. कोणतंही कर्ज हे त्यांच्या दृष्टीने लग्न होतं आणि कराराचा पहिला मसुदा म्हणजे याद्या. दोन्ही बाजूंना ते एकच सांगत, "भांडण आत्ता करा, मांडवात नको."

फेरीचं काम त्यांच्याकडे आलं तेव्हा त्यांच्या निवृत्तीला वर्ष राहिलं होतं. त्या कामासाठी त्यांनी निवृत्ती दोनदा पुढे ढकलली. दोन बेटं, दोन स्वतंत्र देश. स्वच्छ दिवशी एका बेटावरून दुसऱ्यावरचा डोंगर दिसतो. पण जायचं म्हटलं तर आधी विमानाने तिसऱ्याच देशात जायचं, तिथे अर्धा दिवस बसायचं आणि मग दुसऱ्या विमानाने उलटं यायचं. नाही तर महिन्यातून कधीतरी येणाऱ्या मालवाहू बोटीत, पोत्यांवर बसून. काकांना हे सहन व्हायचं नाही. "समोरचं घर दिसतंय आणि जायला अमरावतीवरून वळसा," ते म्हणायचे. "या बोटीत पहिला माणूस बसल्याशिवाय मी घरी बसणार नाही."

दोन्ही देशांकडून एकेक माणूस नेमलेला होता. धाकट्या बेटाचे अर्थसचिव हे अंगाने भरभक्कम गृहस्थ. बोलण्याआधी ते इतका वेळ थांबत, की फोन तुटला असं वाटायचं. थोरल्या बेटाच्या मंत्रीणबाईंचा चष्मा दोरीने गळ्यात लटकायचा, आणि थांबणं हा प्रकार त्यांना ठाऊकच नव्हता. बोटीची नोंदणी धाकट्या बेटावर होणार होती. म्हणून काकांनी ठरवून टाकलं, की बोट म्हणजे मुलगी, धाकटं बेट तिचं माहेर आणि थोरलं सासर. सचिव झाले व्याही, मंत्रीणबाई विहीणबाई. आपसात आम्ही तसंच म्हणायचो. एकदा भर व्हिडिओ मीटिंगमध्ये काका बाईंना विहीणबाई म्हणून गेले. त्यांनी अर्थ विचारला. काकांनी सांगितला. बाई हसून हसून पडद्याबाहेर गेल्या आणि परत आल्यावर म्हणाल्या, "मग हुंड्याचं काय?"

या दोन बेटांच्या मधून वाराची रेषा जाते. घड्याळ दोन्हीकडे एकच, पण एकीकडे सोमवार असला तर दुसरीकडे मंगळवार. रविवारी निघालेली बोट पलीकडे सोमवारी पोचणार आणि परत येताना पुन्हा रविवारात उतरणार. कर्जाचा हप्ता नेमका कुठल्या दिवशी धरायचा, यावर बँकेचे लोक तीन आठवडे डोकं धरून बसले. काकांना त्यात काही विशेष वाटेना. त्यांनी बँकेला समजावलं, "आमच्या पंचांगात तिथीचा क्षय होतो आणि वृद्धीही होते. आम्ही त्यावर रडत नाही, दोनदा जेवतो." बँकेने शेवटी न्यूयॉर्कचा दिवस धरला. पण आपल्याला पंचांग आवडलं, असं तिथल्या एकाने केविनला सांगितलं.

याद्या काकांनी मराठीतच लिहिल्या, एक्केचाळीस मुद्दे, कारण मराठीत त्यांचा विचार नीट चालायचा. त्या इंग्रजीत करायचं काम माझ्याकडे आलं. मला नोकरीला लागून तेव्हा तीनच महिने झाले होते. वडीलधाऱ्यांच्या कागदातलं आपण गाळायचं नसतं, असं मला घरी शिकवलेलं. बोट रात्री कुठे उभी राहील, डिझेल कोण भरेल, तुटफूट झाली तर कोण दुरुस्त करेल, हे सगळं मी भाषांतरित केलं. सतरावा मुद्दा असा होता : "रुसवा. प्रत्येक बाजूला एक. कारण विचारू नये. दुसऱ्या बाजूने स्वतः येऊन समजूत काढावी. तोवर सही नाही." मी तोही केला. शुक्रवारी संध्याकाळी ते कागद दोन्ही देशांना गेले.

सोमवारी केविन माझ्या टेबलापाशी आला. त्याने सतराव्या मुद्द्याचा कागद माझ्यासमोर ठेवला.

"यात लिहिलंय, की एका सार्वभौम देशाला रुसायचा हक्क आहे."

"एकदाच," मी म्हटलं.

काकांना बोलावलं. त्यांनी मुद्दा वाचला आणि कपाळावर हात मारला. "अगं, हा मी माझ्यासाठी लिहिला होता! दोघांतलं कोणीतरी रुसणार, तेव्हा आपण घाबरायचं नाही, एवढंच. हा पाठवायचा नव्हता."

"मग तसं लिहायचं ना काका."

"श्री काढून कागदावर खोटं लिहू का?" या प्रश्नाचा माझ्या प्रश्नाशी काय संबंध, ते मला अजून कळलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी उत्तरं आली. दोन्ही देशांनी चाळीस मुद्द्यांवर हरकती घेतल्या होत्या. सतराव्यापुढे दोघांनीही लिहिलं होतं : मान्य. व्याह्यांनी तर जादा एक ओळ लिहिली होती, की शेजारी देशाच्या वागणुकीचा इतका वास्तव विचार केलेला करार आपल्या कारकिर्दीत पहिल्यांदाच दिसतो आहे. लिंडाबाई म्हणाल्या, "ज्या एका गोष्टीवर त्यांचं एकमत आहे, तिला हात लावायचा नाही." बँकेच्या वकिलांनी मुद्दा बदलून "सद्भावनापूर्वक विराम" असं काहीतरी सुचवलं. दोन्ही बेटांनी ते फेटाळलं. रुसवाच हवा म्हणाले.

बाकीचे चाळीस मुद्दे सुटायला दोन वर्षं लागली. काका रोज संध्याकाळी पाचला, म्हणजे तिकडच्या सकाळी, थर्मासमधला चहा ओतून पडद्यासमोर बसत. बोट कुठे मुक्काम करेल यावर सात महिने गेले. "आमच्याकडेच राहील," व्याही म्हणत. "लग्न झालेली मुलगी माहेरी किती दिवस ठेवता?" विहीणबाई विचारत. त्यांना सगळे शब्द पाठ झाले होते. शेवटी एक रात्र इथे, एक तिथे असं ठरलं. त्या दिवशी काकांनी ऑफिसात पेढे वाटले आणि केविनने कागदावर बदक काढलं.

सह्या पंधरा दिवसांवर आल्या. तेव्हा जहाज बांधणाऱ्या कंपनीने बोटीचं रंगीत चित्र पाठवलं. निळं पाणी, पांढरी बोट, समोर थोरल्या बेटाचा डोंगर. सोमवारी व्याह्यांचं एका ओळीचं पत्र आलं : आमचा देश सतराव्या मुद्द्यानुसार रुसला आहे.

कारण विचारायचं नव्हतं, तरी काकांनी ते चित्र मला दाखवलं. "बघ. बोटीची पाठ त्यांच्या बेटाकडे आहे."

"पण बोट कुठेतरी तोंड करणारच ना?"

"अगं, पाठवणीचं चित्र आहे ते. मुलीकडच्यांना वाईट वाटणारच." त्यांनी चष्मा काढून पुसला. सईच्या लग्नात कोण रडलं होतं ते मला वृंदाकाकूंनी सांगितलं होतं.

मग त्यांनी विहीणबाईंना फोन लावला. समजूत काढायला त्यांनाच जायचं होतं. "हातात काहीतरी घेऊन जा. बसा म्हणेपर्यंत उभ्या राहा. आणि जाण्याआधी त्यांना कळवू नका, मजा जाते."

"दोन दिवस विमानात?" बाई कडाडल्या. "समोर दिसणाऱ्या बेटावर? यासाठीच तर बोट हवी आहे मला!"

"तेच सांगा त्यांना," काका म्हणाले.

बाईंनी शनिवारच्या विमानाचं तिकीट काढलं. बुधवारी काका मला म्हणाले, "आता माझ्याकडे काही काम नाही. भांडण आपल्या हातातून त्यांच्या हातात गेलं." गुरुवारी सकाळी ते गेले.

कळवायचं काम लिंडाबाईंनी मला दिलं. मी एकच मजकूर एकाच वेळी दोघांना पाठवला. धाकट्या बेटावर तो गुरुवारी पोचला. थोरल्या बेटावर शुक्रवारी. दुपारी विहीणबाईंचं पत्र आलं. त्यांना अतिशय दुःख झालं होतं, अर्धं पान त्याबद्दल होतं. खाली लिहिलं होतं : त्यांना गुरुवारी कळवलंत आणि आम्हाला शुक्रवारी. काका असते तर असं झालं नसतं. आमचा देश रुसला आहे.

मी ते पत्र केविनला दाखवलं. त्याने ते वाचलं, खाली बसला आणि म्हणाला, "मुकुंदला हे फार आवडलं असतं." मग आम्ही दोघं हसलो.

आता दोन्ही देश रुसलेले आणि दोघांनीही दुसऱ्याची समजूत काढायची. बाईंचा रुसवा मी व्याह्यांना कळवला. रात्री त्यांचा निरोप आला : मी शुक्रवारी निघतो आहे, त्यांना सांगू नका. बाईंचाही आला : माझा रुसवा आपल्या जागी, पण मी ठरल्याप्रमाणे निघते आहे, त्यांना सांगू नका. म्हणजे बाई धाकट्या बेटावर पोचणार, व्याही थोरल्या, दोघांनाही रिकामी ऑफिसं सापडणार आणि मुदतीचा शुक्रवार उलटून जाणार. मी दोघांच्या विमानांच्या वेळा बघितल्या. व्याह्यांचा शुक्रवार म्हणजेच बाईंचा शनिवार. तिसऱ्या देशात दोघांचा मुक्काम होता, नऊ तास, एकाच लहानशा विमानतळावर. मी दोघांनाही कराराच्या प्रती पाठवल्या आणि लिहिलं, की प्रवासात जवळ असू द्याव्यात. बाकी कोणाला काही सांगितलं नाही. केविनलाही नाही.

रविवारी फोटो आला. विमानतळावरचं खानावळीसारखं हॉटेल, दोन ताटल्यांत तळलेले मासे, मध्ये करार. बाईंच्या चष्म्याची दोरी कागदावर आली होती. खाली त्यांनी लिहिलं होतं : "बाकावर तोंड उघडं टाकून झोपले होते. आधी झोपू दिलं, मग समजूत काढली. त्यांनीही माझी काढली, पण त्यांची बोलण्याची गती पाहता त्याला तीन तास लागले. सह्या झाल्या आहेत."

काकांना मी शेवटचं पाहिलं ते त्या बुधवारी, संध्याकाळच्या ट्रेनमध्ये. चायनाटाउनमधून त्यांनी फणस घेतला होता, कुशीत मावणार नाही एवढा. डब्यात एकच जागा रिकामी होती. काकांनी तिच्यावर फणस ठेवला आणि स्वतः दांडी धरून उभे राहिले. पुढच्या स्टेशनवर सुटाबुटातला एक माणूस चढला. त्याने फणसाकडे बघितलं, काकांकडे बघितलं आणि विचारलं, ही जागा कोणाची आहे का.

"याची," काका म्हणाले. "दमलाय तो. मेक्सिकोहून आलाय."

तो माणूस मान डोलावून त्यांच्या शेजारी उभा राहिला. ट्रेन वळली तेव्हा फणस घरंगळायला लागला, तर दोघांनी एकदमच हात पुढे करून धरला. मग उरलेली दोन स्टेशनं ते दोघं दोन बाजूंनी त्याला धरून उभे होते. काकांचं स्टेशन आलं. त्यांनी फणस उचलून छातीशी धरला, त्या माणसाला "थँक यू, हां" म्हणाले, मला म्हणाले, "उद्या डबा आणू नकोस, गरे आणतो," आणि कोपराने गर्दी बाजूला करत उतरले. काटे सगळ्यांनाच टोचत होते. सगळे त्यांना वाट देत होते.

बोट आता आठवड्यातून तीन वेळा जाते. कर्ज फिटायला अजून अठरा वर्षं आहेत. ती फाइल माझ्याकडे आहे.